हरणाला मिठाची ओढ का लागते आणि शिकारी तिचा उपयोग कसा करतात

अमेरिकेच्या ग्रामीण भागात शेतीचे सामान विकणाऱ्या दुकानात उन्हाळ्याच्या सुमारास गेलात, तर खतांच्या आणि बियाण्यांच्या पोत्यांशेजारी एक वेगळेच पोते हमखास दिसते. त्यावर भरदार शिंगांच्या नर हरणाचे चित्र असते आणि आत तांबूस किंवा करड्या रंगाची खारट भुकटी, नाहीतर वीस-पंचवीस किलोचा मिठाचा घट्ट ठोकळा असतो. ही भुकटी जंगलात जमिनीवर ओतली की हरणे तिच्यापाशी येतात, तिथली माती चाटतात, पुढे ती उकरून खातात, आणि शिकारी त्या जागेवर लक्ष ठेवतो. तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या या रिवाजावर गेल्या वीसेक वर्षांत अनेक राज्यांत बंदी आली, आणि त्यामागचे कारण कळायला मिठापासूनच सुरुवात करावी लागते.

मीठ वेगळे, खनिजे वेगळी

आपण स्वयंपाकात वापरतो ते मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरीन यांचे संयुग. त्यात वजनाने सुमारे 39 टक्के सोडियम असते, आणि हरणाला हवे असते ते हेच सोडियम. खनिजे हा शब्द मात्र बराच व्यापक आहे. कॅल्शियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम, जस्त, तांबे, आयोडीन असे शरीराला कमी-अधिक प्रमाणात लागणारे अनेक घटक त्यात येतात. ज्या जागी प्राणी असे घटक मिळवण्यासाठी माती, दगड किंवा पाणी चाटतात, त्या जागेला चाटण म्हणतात. काही चाटणे निसर्गतः तयार झालेली असतात, काही माणसाने तयार केलेली असतात.

ज्यांच्या घरी जनावरे आहेत त्यांना यात नवे काही वाटणार नाही. गोठ्यात टांगलेली चाटण वीट, गव्हाणीत ठेवलेला सैंधवाचा खडा आणि दुभत्या म्हशीच्या आंबोणात रोज मिसळलेले खनिज मिश्रण ही सगळी याच गरजेची उत्तरे आहेत. गाय भिंत चाटू लागली किंवा हाडे चघळू लागली, की अनुभवी शेतकरी तिच्या आहारात काहीतरी कमी पडते आहे हे ओळखतो. जंगलातल्या हरणाची स्थिती त्या गाईसारखीच असते, फक्त त्याची गव्हाण कोणी भरत नाही.

हिरव्या चाऱ्यात काय नसते

बहुतेक वनस्पतींना स्वतःच्या वाढीसाठी सोडियम फारसे लागत नाही, त्यामुळे त्या ते साठवतही नाहीत. त्यांच्यात पोटॅशियम मात्र भरपूर असते. वाघाला किंवा लांडग्याला भक्ष्याच्या रक्तामांसातून सोडियम आयते मिळते, पण पाला खाणाऱ्या प्राण्याला ते थेंबाथेंबाने गोळा करावे लागते. त्यात हरीण रवंथ करणारे. त्याच्या लाळेत सोडियमयुक्त क्षार असतात आणि पोटातला चारा आंबताना तयार होणारे आम्ल त्या लाळेमुळे सौम्य होते. म्हणजे चारा पचवण्यासाठीसुद्धा सोडियमचा साठा शरीरात सतत फिरता राहावा लागतो.

थंडी सरून कोवळी पालवी फुटते तेव्हा ही तंगी सर्वांत जास्त जाणवते. कोवळ्या पाल्यात पाणी आणि पोटॅशियम दोन्ही भरपूर असतात, ते जादा पोटॅशियम बाहेर टाकताना मूत्रावाटे सोडियमही जाते, आणि पातळ झालेल्या शेणावाटे आणखी जाते. नेमक्या याच दिवसांत माद्या व्यालेल्या असतात. उत्तर अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणाची पाडसे साधारण मे-जूनमध्ये जन्मतात, आणि दुधातूनही आईचे सोडियम जाते. समुद्रकाठी वाऱ्याबरोबर उडणाऱ्या तुषारांतून झाडापाल्यावर थोडेफार मीठ बसते, पण खंडाच्या अंतर्भागात तीही सोय नाही.

ही ओढ किती प्रबळ असते याचे एक गमतीदार उदाहरण कॅनडातले आहे. अल्बर्टा प्रांतातील जास्पर राष्ट्रीय उद्यानात 2020 च्या हिवाळ्याच्या तोंडावर ‘मूसला तुमची गाडी चाटू देऊ नका’ अशा अर्थाचे फलक लावावे लागले. मूस हे हरणांच्या कुळातले सर्वांत मोठे जनावर. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेले मीठ गाड्यांवर उडून बसते, आणि ते चाटण्यासाठी ही धिप्पाड जनावरे थेट रस्त्यावर येऊन उभी राहतात.

अमेरिकेच्या नकाशावरही या ओढीच्या खुणा आहेत. केंटकी राज्यातील बिग बोन लिक आणि ब्लू लिक्स, इंडियानातील फ्रेंच लिक ही गावांची आणि ठिकाणांची नावे चाटणांवरूनच पडली. बिग बोन लिक इथल्या खाऱ्या झऱ्यांच्या परिसरात हिमयुगातील हत्तीवर्गीय प्राण्यांची हाडे सापडली आहेत. अशी ठिकाणे प्राण्यांना ठाऊक होती तशीच ती स्थानिक आदिवासी शिकाऱ्यांनाही ठाऊक होती, आणि नंतर आलेल्या युरोपीय वसाहतकारांनी प्राण्यांच्याच वाटांनी तिथे पोहोचून मीठ शिजवायला सुरुवात केली.

शिंगे वाढवण्याचा दावा कितपत खरा

पोत्यावरचे चित्र मात्र मिठाबद्दल बोलत नाही, ते शिंगांबद्दल बोलते. इथे मराठी वाचकाला एक भेद ध्यानात घ्यावा लागतो, कारण आपण दोन निरनिराळ्या गोष्टींना एकच शब्द वापरतो. काळविटाचे किंवा बैलाचे शिंग आयुष्यभर टिकते, कारण ते हाडाच्या गाभ्यावर नखासारख्या पदार्थाचे आवरण असते. चितळाचे, सांबराचे किंवा अमेरिकेतल्या हरणाचे शिंग म्हणजे भरीव हाड असते, ते ठरावीक काळाने गळते आणि पुन्हा नव्याने उगवते. पांढऱ्या शेपटीच्या नराची शिंगे वसंतात मखमली कातडीखाली वाढू लागतात, ऑगस्टच्या अखेरीस टणक होतात आणि हिवाळ्यात गळून पडतात.

चार-पाच महिन्यांत एवढे हाड घडवायचे तर कॅल्शियम आणि फॉस्फरस लागणारच, म्हणून ते वाटले की शिंगे मोठी होतील हा विक्रेत्यांचा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा आहे. अडचण अशी आहे की हरीण फक्त त्या महिन्यांत खाल्लेल्या खनिजांवर शिंगे घडवत नाही. ते आपल्या बरगड्यांतून आणि इतर हाडांतून खनिजे उसनी घेते आणि नंतर आहारातून ती परत भरून काढते. त्यात वाढत्या शिंगाचा मोठा भाग प्रथिनांचा असतो, आणि प्रथिने मिठाच्या खड्यातून मिळत नाहीत. शिंगांचा आकार मुख्यतः नराचे वय, त्याला वर्षभर मिळालेला चारा आणि आनुवंशिकता यांवर ठरतो. मोकळ्या रानातल्या हरणांची शिंगे अशा चाटणामुळे मोठी झाल्याचा भक्कम पुरावा पुढे आलेला नाही.

पोत्यामागची बारीक अक्षरांतली यादी वाचली तर आणखी एक गोष्ट दिसते. मिश्रणाचा बराचसा भाग, पुष्कळदा अर्ध्याहून अधिक, साधे मीठ असते. यात फसवणूकच असते असे नाही. कॅल्शियम-फॉस्फरसची भुकटी हरीण आपणहून सहसा चाटत नाही, ती त्याच्या पोटात जावी म्हणून मीठ मिसळावेच लागते. पण मग हरणाला ओढून आणणारी वस्तू मीठ आणि गिऱ्हाइकाला ओढून आणणारी वस्तू शिंगांचे चित्र, अशी ती विभागणी आहे. अनेक शिकारी हे ओळखून घरीच मिश्रण करतात. सूक्ष्म खनिजे मिसळलेले मीठ दोन भाग, जनावरांचे साधे मीठ एक भाग आणि डायकॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे कॅल्शियम-फॉस्फरसची भुकटी, एक भाग, अशी त्यांच्यात प्रचलित असलेली कृती आहे.

खड्डा, कॅमेरा आणि न जुळणारे वेळापत्रक

चाटण तयार करण्याची पद्धत सोपी आहे. हरणांच्या नेहमीच्या वाटेजवळ गवत खरवडून उथळ खड्डा करतात, त्यात मिश्रण ओतून ते मातीत कालवतात आणि पावसाने ते मुरू देतात. मीठ विरघळून खाली उतरते तसतशी हरणे माती उकरत जातात, आणि काही वर्षांत तिथे मोठा खळगा तयार होतो. जवळच्या झाडावर हालचाल टिपणारा कॅमेरा बांधलेला असतो. उन्हाळ्यात कोणकोणते नर येतात आणि त्यांची शिंगे कशी वाढताहेत, याची हजेरीच तो मांडतो.

या सगळ्या खटाटोपातली विसंगती वेळापत्रकात आहे. सोडियमची भूक वसंतात आणि उन्हाळ्याच्या पूर्वार्धात शिगेला असते, तर शिकारीचा हंगाम शरद ऋतूत येतो. धनुष्यबाणाची शिकार साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरपासून आणि बंदुकीची बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरच्या आसपास सुरू होते. तोपर्यंत पाला जून होतो, ओकची फळे गळू लागतात, नरांना माजाचे वेध लागतात आणि चाटणावरची वर्दळ ओसरते. म्हणजे शिकार बंद असताना मीठ उत्तम काम करते आणि शिकार सुरू झाली की त्याची ओढ कमी होते. जुने जाणते शिकारी हे मान्य करतात, आणि चाटणाचा उपयोग हरीण मारण्यापेक्षा हरणांची माहिती काढण्यासाठी होतो असे सांगतात.

तरीही जागा हेरून मीठ टाकल्यास त्याचा परिणाम मोठा होऊ शकतो. वायोमिंगमध्ये येलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या दक्षिण सीमेबाहेर शिकारी मंडळींना घेऊन जाणारे वाटाडे पूर्वी मिठाच्या जागा तयार करत, कारण उद्यानात शिकारीला बंदी होती आणि सीमा ओलांडून आलेल्या एल्कला, म्हणजे आपल्या सांबराहून थोराड अशा हरणाला, मारता येत असे. अशा प्रकारांमुळे, मीठ ठेवणे ही रानाची ओळख म्हणायची की केवळ आमिष, हा वाद तिथे शिकाऱ्यांमध्येच पेटला.

कायद्यांतही याबाबत एकवाक्यता नाही, कारण शिकारीचे नियम प्रत्येक राज्य स्वतः करते. मिशिगनच्या व्याख्येनुसार मीठ आणि खनिजे ही आमिषातच मोडतात, आणि त्या राज्याच्या दक्षिण द्वीपकल्पात 2019 मध्ये आमिषावर बंदी आली. मिनेसोटात एरवी धान्य न मिसळलेले मीठ आमिष मानत नाहीत, पण रोगग्रस्त भागांत हरणांना आकर्षित करणाऱ्या पदार्थांवर जी बंदी असते तिच्यात मीठही येते. हा रोग कोणता हे समजून घेतल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही.

चुकीची घडी पडलेले प्रथिन

1967 मध्ये कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्स इथल्या संशोधन केंद्रात पाळलेली हरणे कारण कळत नसताना खंगून मरू लागली. तो क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, थोडक्यात सीडब्ल्यूडी, म्हणजे जनावराला झिजवत नेणारा मेंदूचा रोग होता. त्यावर लस नाही आणि औषधही नाही. 1981 मध्ये तो कोलोरॅडोच्या रानातल्या एल्कमध्ये आढळला, 2002 मध्ये विस्कॉन्सिनमध्ये पोहोचल्याचे कळले, आणि आता उत्तर अमेरिकेच्या बऱ्याच मोठ्या भागात तो पसरला आहे.

हा रोग जिवाणूमुळे होत नाही आणि विषाणूमुळेही होत नाही. तो प्रायॉनमुळे, म्हणजे चुकीची घडी पडलेल्या प्रथिनामुळे होतो. असे एक प्रथिन शेजारच्या चांगल्या प्रथिनांनाही आपल्यासारखी चुकीची घडी पाडते. दुधाच्या पातेल्यात चमचाभर विरजण टाकले की सगळे दूध दही होते, तसाच हा प्रकार आहे, एवढ्याच फरकाने की विरजणात जिवंत जिवाणू असतात आणि प्रायॉनमध्ये जिवंत असे काही नसते. जे जिवंतच नाही ते मारायचे कसे, हा इथला मूळ पेच आहे. नेहमीच्या स्वयंपाकाच्या उष्णतेने प्रायॉन नष्ट होत नाहीत, आणि ऊन, पाऊस, थंडी सोसून ते मातीत वर्षानुवर्षे टिकतात.

रोगी हरणाच्या लाळेतून, मूत्रातून आणि लेंड्यांतून प्रायॉन बाहेर पडतात. लागण झाल्यावर लक्षणे दिसेपर्यंत दीड-दोन वर्षे जाऊ शकतात आणि तोवर जनावर धडधाकट दिसते. आता चाटणाचा खळगा आठवावा. अनेक कळपांतली हरणे एकाच हातभर जागेत तोंड घालतात, लाळ गाळतात, तिथेच मुततात, आणि पुढचे हरीण तीच माती खाते. विस्कॉन्सिनमधील रोगग्रस्त भागात खनिज चाटणांची तपासणी करून 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 11 पैकी 9 ठिकाणी प्रायॉन सापडले.

मातीचा पोतही इथे महत्त्वाचा ठरतो. मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या चिकणमातीच्या खनिजाला प्रायॉन घट्ट चिकटतात. अशाच दुसऱ्या एका प्रायॉन रोगावर हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्यात प्रयोग करून 2007 मध्ये असे दाखवण्यात आले, की या खनिजाला चिकटलेले प्रायॉन पोटात गेल्यास त्यांची संसर्गक्षमता सुटे प्रायॉन गेल्याच्या तुलनेत 680 पट वाढते. दख्खनच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात ज्या भेगा पडतात, त्या याच गटातल्या चिकणखनिजांमुळे. भारतात सीडब्ल्यूडी आढळल्याची नोंद नाही, पण आपल्या पायाखालची माती कोणत्या कामात पटाईत आहे हे यावरून कळते.

नैसर्गिक चाटणे तर पूर्वीपासूनच आहेत ना?

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि त्यात तथ्य आहे. निसर्गात चाटणे असतात, तिथेही प्राणी जमतात आणि तिथेही रोग पसरू शकतो. फरक संख्येचा आहे. नैसर्गिक चाटण मातीच्या आणि खडकांच्या घडणीवर अवलंबून असल्यामुळे ते मोजक्याच ठिकाणी असते, तर पोते विकत घेणारा माणूस आपल्या शेतात चार ठिकाणी चाटण करू शकतो आणि त्याचा शेजारी आणखी चार. नैसर्गिक चाटण बुजवता येत नाही म्हणून नवी करत सुटावीत, हे तर्काला धरून नाही.

हरणे एरवीही एकमेकांना चाटतात आणि कळपाने चरतात, मग मिठाने काय बिघडते, असेही विचारले जाते. एका कळपातली हरणे एकमेकांना चाटतात हे खरे, पण एरवी एकमेकांपासून दूर राहणारे कळप चाटणावर एकाच मातीत तोंड घालतात. मीठ नसले तर हरणे अशक्त होतील ही भीतीही अनाठायी आहे, कारण ओढ असणे म्हणजे कुपोषण असणे नव्हे. पाणवनस्पती, खारी माती, गळून पडलेली शिंगे अशा वाटांनी रानातले प्राणी आपली गरज भागवत आले आहेत. आपल्याकडे साळिंदर रानात पडलेली शिंगे कुरतडते ते यासाठीच.

मांस खाणाऱ्यांचे काय, याचे उत्तर सावधपणे द्यायला हवे. माणसाला सीडब्ल्यूडी झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही, पण अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणा रोगग्रस्त भागातल्या शिकारीची तपासणी करून घ्यायला सांगतात आणि रोग आढळलेल्या जनावराचे मांस खाऊ नका असा सल्ला देतात.

गोठ्यातली चाटण वीटही दोषी आहे का?

बंदिस्त गोठ्यात आपल्याच चार जनावरांसाठी टांगलेल्या विटेचा या प्रकरणाशी संबंध नाही. कुरणात उघड्यावर ठेवलेल्या मिठाची गोष्ट मात्र वेगळी, आणि नॉर्वेने ती मोठी किंमत मोजून शिकून घेतली. तिथल्या नूरफ्येला डोंगराळ भागात 2016 मध्ये रानटी रेनडिअरमध्ये सीडब्ल्यूडी सापडला. युरोपातली ती पहिलीच नोंद होती. त्या डोंगरांत मेंढपाळ उन्हाळी चराईच्या मेंढ्यांसाठी मिठाचे खडे ठेवत असत आणि रेनडिअरही ते चाटायला येत. कोणी शिकारीसाठी मीठ ठेवलेले नव्हते, तरी चाटण रोगाला सोयीचे ठरेल हा धोका तोच होता. त्या भागातला दोन हजारांहून अधिक रेनडिअरचा संपूर्ण कळप 2018 पर्यंत मारण्यात आला आणि ते रान किमान पाच वर्षे रेनडिअरविना ठेवायचे ठरले.

आपल्या रानांत

भारतात शिकारीलाच बंदी असल्यामुळे हा प्रश्न इथे वेगळ्या रूपात येतो. ब्रिटिश काळात पाणवठ्यावर किंवा चाटणावर मचाण बांधून बसण्याची पद्धत होती. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा परवान्याने शिकार करता येत होती, पण चाटणावर, पाणवठ्यावर किंवा तिकडे जाणाऱ्या वाटेवर शिकार करण्यास त्याच कायद्याने मनाई केली. अपवाद होता तो फक्त पखुर्ड्या आणि पाणपक्ष्यांचा. तहानेने किंवा मिठासाठी आलेल्या जनावराला गाठणे हा अन्याय आहे, ही जाण त्या कलमात दिसते. 1991 च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारच संपली. आज कायद्यातील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत आमिष लावणेही येते, त्यामुळे चितळ किंवा सांबर मारण्याच्या हेतूने मीठ टाकणे हाही गुन्हा ठरतो, मग एक गोळीही झाडलेली नसो.

वनखाते मात्र काही अभयारण्यांत स्वतःच पाणवठ्यांजवळ मिठाचे चाटण ठेवत आले आहे. तृणभक्षी प्राण्यांना क्षार मिळावेत हा हेतू चांगला आहे, पण वर सांगितलेले प्रश्न इथेही विचारावे लागतात. गावची गुरे आणि रानातले गवे एकाच चाटणावर येत असतील तर लाळ्या-खुरकुतासारख्या रोगाला वाट मिळते, आणि जनावर कुठे येणार हे ज्याला आधीच ठाऊक असते त्या चोरट्या शिकाऱ्याचे काम सोपे होते. गावाजवळच्या आणि चराईच्या रानात तरी नवी चाटणे करू नयेत असे माझे मत आहे.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी अनेकांच्या परसात हरणे येतात, आणि मुलांना ती जवळून दिसावीत म्हणून एखादा मिठाचा ठोकळा आणून ठेवण्याचा मोह होतो. शिकारीचा हेतू नसला तरी अनेक ठिकाणी हा प्रकार हरणांना खाऊ घालण्याच्या बंदीत बसतो, त्यामुळे ठोकळा घेण्याआधी आपल्या काउंटीचा नियम राज्याच्या वन्यजीव विभागाच्या संकेतस्थळावर पाहावा. ठोकळा आधीच ठेवलेला असेल तर तो उचलून काम भागत नाही, कारण त्याचे मीठ तोवर जमिनीत मुरलेले असते आणि हरणे ती माती चाटत राहतात. ती जागा कुंपणाने बंद करावी लागते.